पायाखालच्या आठ पायांचा इतिहास

मृग नक्षत्र लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले की माळावर आणि शेताच्या बांधावर लाल मखमलीचे ठिपके चालताना दिसू लागतात. हा मृगाचा किडा. संस्कृतात त्याला इंद्रगोप म्हटले आहे. खेड्यातली मुले तो काड्यापेटीत घालून वर्गातही आणतात. असा किडा वर्गात आला, तर मुलांना त्याचे पाय मोजायला सांगावे. ते आठ भरतील. म्हणजे नावात 'किडा' असला तरी हा कीटक नव्हे. कीटकांना सहा पाय असतात. हा कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला प्राणी. (अंड्यातून निघालेल्या त्याच्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. ते टोळासारख्या कीटकांच्या अंगावर चिकटून वाढते आणि पायांची चौथी जोडी त्याला नंतर येते.)

या गटातल्या प्राण्यांना इंग्रजीत 'माइट' म्हणतात. सगळ्यांना मिळून मराठीत एक रूढ नाव नाही. मिरचीवरच्या किंवा वांग्यावरच्या माइटला शेतकरी 'कोळी' म्हणतात, खरजेला कारण होणारा माइट 'खरजेचा किडा' होतो. आपण या लेखापुरता 'माइट' हाच शब्द वापरू.

मृगाचा किडा जवळपास एक सेंटिमीटर लांब असतो. मातीतल्या माइटांमध्ये हा म्हणजे हत्तीच. बाकीचे बहुतेक माइट एक मिलिमीटरहून लहान, कित्येक तर त्याच्याही पाव भागाएवढे असतात. झाडाखालचा ओलसर पालापाचोळा आणि त्याखालची माती मूठभर घेतली, तर तिच्यात असे शेकडो माइट सहज असू शकतात. पण ही गोष्ट माणसाला नीट कळली ती विसाव्या शतकात. गुरूचे उपग्रह आपण १६१० सालीच पाहिले होते, पायाखालच्या या प्राण्यांची मोजदाद व्हायला मात्र त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे लागली. असे का झाले? आणि कळले ते कसे?

हा इतिहास शिक्षकांना सांगण्यासारखा आहे, कारण त्यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. माणसाच्या हातात जे साधन होते, तेवढीच माती त्याला दिसली. साधन बदलले की तीच माती वेगळी दिसू लागली.

चीज, मेण आणि एक वकील

माइटांचा उल्लेख तसा फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात जुन्या मेणात सापडणाऱ्या एका अतिसूक्ष्म प्राण्याची नोंद केली. त्याच्या त्या ग्रीक शब्दावरूनच या गटाचे आजचे शास्त्रीय नाव 'अकारी' आले आहे. १६६५ साली रॉबर्ट हूकचे 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वनस्पतींच्या पेशींसाठी आपण ते शिकवतो, पण त्याच पुस्तकात चीजवरच्या माइटांचे वर्णन आहे आणि इकडेतिकडे भटकणाऱ्या आणखी एका माइटाचेही आहे. १७५८ साली लिनियसने प्राण्यांचे वर्गीकरण केले, तेव्हा सगळे माइट आणि गोचीड त्याने 'अकारस' या एकाच प्रजातीत बसवले. त्यात जेमतेम तीसेक जाती होत्या. आज वर्णन झालेल्या जातींची संख्या पन्नास हजारांवर गेली आहे, आणि शास्त्रज्ञांच्या मते हा खऱ्या संख्येचा एक लहानसा भाग आहे.

या सुरुवातीच्या नोंदी पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. माइट दिसले ते चीजमध्ये, धान्यात, पिठात, गुरांच्या अंगावर, माणसाच्या कातडीत. जे चावले किंवा ज्यांनी अन्न खाल्ले, ते आधी दिसले. मातीतल्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. शिवाय १८४० साली लीबिगचे शेतीच्या रसायनशास्त्रावरचे पुस्तक आले. त्यानंतर बराच काळ माती म्हणजे क्षारांचा साठा, असेच बहुतेकांना वाटत राहिले.

हे चित्र बदलायला दोन माणसांनी सुरुवात केली. डेन्मार्कमधले वनशास्त्रज्ञ पी. ई. म्यूलर यांनी १८७९ साली जंगलातल्या मातीचे दोन प्रकार दाखवून दिले. एका प्रकारात पाने मातीत पूर्ण मिसळून काळी, भुसभुशीत माती तयार होते. तिला त्यांनी 'मुल' म्हटले. दुसऱ्या प्रकारात अर्धवट कुजलेल्या पानांचा जाड थर मातीवर गादीसारखा पडून राहतो. तो 'मोर'. मुल जमिनीत गांडुळे भरपूर, मोरमध्ये जवळजवळ नाहीतच, हेही म्यूलर यांनी नोंदवले. दोनच वर्षांनी, १८८१ साली, डार्विनचे गांडुळांवरचे पुस्तक निघाले. माती हे सजीवांचेही काम आहे, हा विचार आता रुजू लागला. पण गांडूळ नुसत्या डोळ्यांना दिसते. जे दिसत नाहीत, त्यांचे काय?

इंग्लंडमध्ये अल्बर्ट डेव्हिडसन मायकेल हे पेशाने वकील होते आणि सूक्ष्मदर्शकाचा त्यांना छंद होता. शेवाळ, सालीखालचा भाग, पालापाचोळा धुंडाळून ते ओरिबाटिड नावाच्या गटातले माइट गोळा करत. हे चकचकीत तपकिरी कवचाचे, बारीक भुंगेऱ्यांसारखे दिसणारे माइट. जंगलाच्या मातीत सर्वांत जास्त भरतात ते हेच. त्यांची पिल्ले प्रौढांपेक्षा इतकी वेगळी दिसतात की पिल्लू कोणाचे हे सांगताच येत नसे. मायकेल यांनी काचेच्या लहान कुप्यांत ती पाळली, ओलावा आणि बुरशी पुरवत राहिले आणि कोणत्या पिल्लाचा कोणता प्रौढ होतो हे प्रत्यक्ष पाहून लिहिले. त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८८४ आणि १८८८ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळा नाही, पगार नाही, पण अशा चिकाटीवर या शास्त्राचा पाया उभा राहिला.

इटलीतले नरसाळे

मायकेल यांच्या काळापर्यंत पाचोळा चाळून पांढऱ्या कापडावर किंवा कागदावर पसरायचा आणि हलणारा प्राणी दिसला की ओल्या कुंचल्याने उचलायचा, हीच पद्धत होती. डोळे थकत, आणि जो प्राणी निपचित पडून राही तो सुटून जाई.

१९०५ साली फ्लोरेन्स येथील कीटकशास्त्रज्ञ अंतोनियो बेर्लेसे यांनी चार-पाच पानांचा एक लेख लिहिला. विषय होता लहान संधिपाद प्राणी झटपट आणि मोठ्या संख्येने गोळा करण्याचे उपकरण. उपकरण म्हणजे दुहेरी भिंतीचे एक धातूचे नरसाळे. भिंतीच्या पोकळीत गरम पाणी. वर जाळीवर माती किंवा पाचोळा, खाली तोंडाशी अल्कोहोलची बाटली. पाचोळा तापून वाळू लागला की आतले प्राणी ओलावा शोधत खाली सरकतात, जाळीतून निसटतात आणि बाटलीत पडतात. माणसाने प्राणी शोधत बसायचे नाही, प्राण्यांनीच चालत यायचे!

स्वीडनच्या अल्बर्ट तुल्ग्रेन यांनी १९१८ साली त्यात एक साधी सुधारणा केली. गरम पाण्याऐवजी वर विजेचा दिवा टांगला. आता उष्णता आणि उजेड दोन्ही वरूनच येऊ लागले. मातीच्या माथ्यावर कोरडे, तळाशी ओले अशी उतरंड तयार झाली. आजही जगभर हे उपकरण 'बेर्लेसे-तुल्ग्रेन नरसाळे' याच जोडनावाने ओळखले जाते. पुढे १९५० आणि १९६०च्या दशकांत अमियन मॅकफॅडियन यांनी ही उतरंड अधिक तीव्र आणि मोजून-मापून केली. मातीचा गोळा नरसाळ्यात उलटा ठेवायचा, हाही या पद्धतीतला एक बारकावा. मातीतली छिद्रे वर मोठी आणि खोलवर बारीक असतात. गोळा उलटा ठेवला की प्राण्यांना ते आले त्याच रुंद वाटेने बाहेर पडता येते.

पण नरसाळ्याची एक मर्यादा शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. त्यात पडतात ते चालू शकणारे, जिवंत प्राणी. अंडी पडत नाहीत, कात टाकण्यासाठी थांबलेली पिल्ले पडत नाहीत, वाटेत वाळून मेलेले पडत नाहीत. म्हणून इंग्लंडमध्ये दुसरी युक्ती निघाली. माती मॅग्नेशियम सल्फेटच्या दाट द्रावणात ढवळायची. दगड-वाळू बुडते, सेंद्रिय भाग तरंगतो. मग त्यात बेंझीनसारखा तेलकट द्रव मिसळायचा. संधिपादांच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे ते तेलकट थरात जातात. वनस्पतींचे तुकडे पाण्याने भिजलेले असतात, ते पाण्यातच राहतात. ही पद्धत वापरून जॉर्ज सॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या एका कुरणाची माती तपासली. १९४८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा आजही थक्क करतो. एका एकरात एक अब्जाहून अधिक संधिपाद प्राणी, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त माइट!

जागा बदलली की वस्ती बदलते

मोजायचे साधन हाती आल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला. सगळीकडे सारखेच माइट असतात का?

डेन्मार्कच्या बोर्नेबुश यांनी १९३० साली ओक, बीच आणि स्प्रूस या झाडांखालच्या मातीतले प्राणी मोजले आणि त्यांचे वजनही केले. म्यूलर यांच्या मुल आणि मोर या दोन प्रकारांना आता आकड्यांचा आधार मिळाला. मोर जमिनीत प्राण्यांची संख्या खूप जास्त, पण वजन कमी, कारण तिथे माइट आणि स्प्रिंगटेल (हे पंख नसलेले, उड्या मारणारे बारीक प्राणी) यांचे राज्य. मुल जमिनीत संख्या कमी पण वजन जास्त, कारण तिथे गांडुळे. नुसती संख्या सांगितली असती तर मोर 'श्रीमंत' ठरली असती, नुसते वजन सांगितले असते तर मुल. काय मोजले यावर उत्तर ठरते, हा धडा कोणत्याही विषयात उपयोगी पडावा.

यामागचे कारण साधे आहे. गांडूळ माती उकरते, पोटातून काढते, उलथापालथ करते. माइटाला उकरता येत नाही. आधीपासून असलेल्या पोकळीत तो राहतो. पानांची न हललेली गादी, तिच्यातला कायम ओलावा आणि तिच्यावर वाढलेली बुरशी म्हणजे ओरिबाटिडांना राहायला घर आणि खायला अन्न. म्हणून थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात, जिथे पाने हळू कुजतात आणि गादी जाड होते, तिथे चौरस मीटरला एक लाखाहून अधिक ओरिबाटिड भरतात. नांगरलेल्या शेतात ही संख्या कितीतरी खाली येते. आपल्याला वाटते, उष्ण प्रदेशातल्या घनदाट जंगलात सर्वांत जास्त असतील. तिथे जाती पुष्कळ असतात, पण पाचोळा भराभर कुजत असल्याने गादी पातळ राहते आणि संख्या सहसा उत्तरेच्या जंगलाइतकी चढत नाही.

एकाच जागी खोलीप्रमाणेही वस्ती बदलते. पाचोळ्यात राहणारे माइट मोठे, गडद, जाड कवचाचे असतात. दहा-पंधरा सेंटिमीटर खाली सापडतात ते लहान, फिकट आणि बहुधा लांबोडे, बारीक छिद्रांतून सरपटायला सोयीचे. जमीन ट्रॅक्टरने किंवा पायांनी दाबली गेली की आधी मोठी छिद्रे बुजतात आणि त्यांत राहणारे बेघर होतात.

वाळवंटात चित्र आणखी वेगळे दिसते. तिथे ओरिबाटिड मागे पडतात आणि मऊ अंगाचे, झटपट वाढणारे दुसऱ्या गटांतले माइट पुढे येतात. शेणाच्या ढिगात शिकारी माइट भरतात. शेण वाळले की त्यांचे घर संपते, म्हणून ते शेणातल्या भुंगेऱ्यांच्या अंगावर बसून नव्या ढिगावर जातात. भुंगेरा त्यांचे अन्न नसतो, तो त्यांची एसटी असतो! झाडांच्या फांद्यांवरच्या शेवाळात आणि दगडफुलात जमिनीपेक्षा वेगळ्याच जाती सापडतात.

आणि अंटार्क्टिका? तिथल्या एका ओरिबाटिडाचे वर्णन १९०३ साली आपल्या वकील मायकेल यांनीच केले होते. आज तो 'अलास्कोझेटिस अंटार्क्टिकस' म्हणून ओळखला जातो. नंतर ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हिवाळ्यात त्याच्या शरीरात ग्लिसरॉल साठते आणि उणे ३० अंश सेल्सियसच्या आसपासही त्याच्या शरीरातले पाणी गोठत नाही. 'नॅनोर्केस्टिस' नावाचा आणखी एक चिमुकला माइट ८५ अंश दक्षिण अक्षांशापर्यंत सापडला आहे. इतक्या दक्षिणेला जमिनीवर दुसरे संधिपाद जवळजवळ नाहीतच.

जगभरचे हे नमुने एकत्र पाहण्याचे काम डेन्मार्कच्या मारी हॅमर यांनी केले. त्यांचा ग्रीनलंडवरचा ग्रंथ १९४४ साली आला, उत्तर कॅनडावरचा १९५२ साली. मग अँडीज पर्वत, न्यूझीलंड, पॅसिफिकमधली बेटे. जिथे गेल्या तिथली मूठभर माती त्यांनी तपासली. त्यांच्या एक लक्षात आले. माइटाला पंख नाहीत, खारे पाणी ओलांडणे त्याला अवघड. तरीही दक्षिण अमेरिका आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये एवढा महासागर असताना दोन्हीकडे जवळच्या नात्यातले ओरिबाटिड कसे? १९७९ साली जॉन वॉलवर्क यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी हा प्रश्न खंडांच्या हालचालीशी जोडला. माइट समुद्र ओलांडून गेले नाहीत, त्यांच्या पायाखालची जमीनच दुभंगून दूर गेली. भूगोलाच्या तासाला सांगावा असा हा पुरावा आहे.

केसांतला प्रकाश

एवढ्या नमुन्यांना नावे देणे हे काम सोपे नव्हते. इथे एका अनपेक्षित माणसाने मदत केली. फ्रांस्वा ग्रांजाँ हे मूळचे खनिजशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी जॉर्ज फ्रीडेल यांच्याबरोबर द्रवस्फटिकांचा अभ्यास केला होता. पुढे ते माइटांकडे वळले, आणि खनिजे तपासण्याची सवय त्यांनी सोडली नाही. त्यांनी माइट ध्रुवित प्रकाशात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात, ठेवून पाहिले. काही माइटांच्या अंगावरचे केस त्या प्रकाशात स्फटिकांसारखे चमकले, काहींचे चमकले नाहीत. १९३५ साली त्यांनी माइटांची या आधारावर दोन मोठ्या गटांत विभागणी सुचवली. मृगाचा किडा आणि ओरिबाटिड एका गटात, गोचीड आणि मातीतले बहुतेक शिकारी माइट दुसऱ्या गटात. ही विभागणी आजही टिकून आहे. हे दोन गट खरोखर एकाच पूर्वजाचे वंशज आहेत का, यावर डीएनएच्या आधारे आजही वाद चालू आहे.

हे वंशज किती जुने आहेत, हेही कळले आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून १९२३ साली माइटाचा जीवाश्म वर्णन केला गेला. १९८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआजवळच्या, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून ओरिबाटिडांचे जीवाश्म प्रसिद्ध झाले. गिल्बोआ हे पृथ्वीवरच्या अगदी आरंभीच्या जंगलांपैकी एकाचे ठिकाण. म्हणजे जंगलाचा पाचोळा पडू लागला तेव्हाही हे प्राणी हजर होते.

काम कोणाचे?

इथपर्यंत आपण कोण, किती आणि कुठे हे पाहिले. पण ते करतात काय?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड संस्थेत एडवर्ड्स आणि हीथ यांनी एक सुंदर प्रयोग केला. ओक आणि बीचच्या पानांच्या गोल चकत्या कापून त्यांनी नायलॉनच्या पिशव्यांत घातल्या आणि मातीत पुरल्या. पिशव्यांच्या जाळीची छिद्रे वेगवेगळी. ७ मिलिमीटरच्या जाळीतून गांडुळासह सगळे आत जाऊ शकत. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतून माइट, स्प्रिंगटेल असे लहान प्राणी. ०.००३ मिलिमीटरच्या जाळीतून फक्त जीवाणू आणि बुरशी. नऊ महिन्यांनी मोठ्या जाळीतल्या चकत्यांचा बराचसा भाग नाहीसा झाला होता, मधल्या जाळीतल्या अर्धवट खाल्ल्या गेल्या होत्या. सर्वांत बारीक जाळीतल्या चकत्या मात्र जवळजवळ जशाच्या तशा होत्या. पाने 'आपोआप' कुजत नाहीत, हे या प्रयोगाने डोळ्यांपुढे मांडले.

तरीही एक कोडे उरले. मातीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा फार मोठा भाग जीवाणू आणि बुरशी सोडतात, माइटांचा थेट वाटा फारच थोडा. मग माइट असले काय, नसले काय? याचे उत्तर वाळवंटातून आले. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सांतोस, फिलिप्स आणि व्हिटफर्ड यांनी झुडपाचा पाला जमिनीत पुरला आणि काही ठिकाणी कीटकनाशकाने माइट नाहीसे केले. १९८१ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: माइट गेले, तेव्हा ते ज्यांना खात त्या सूत्रकृमींची संख्या वाढली. सूत्रकृमींनी जीवाणू फस्त केले. जीवाणू घटले आणि पाला कुजण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. माइट पाला खात नव्हते, जीवाणूही खात नव्हते. पण जीवाणूंना खाणाऱ्यांवर त्यांचा वचक होता.

डीडीटीच्या काळात शेतातही असेच काहीसे दिसले होते. डीडीटीने शिकारी माइट अधिक प्रमाणात मेले आणि ते ज्यांना खात त्या स्प्रिंगटेलांची संख्या उलट वाढली. औषध मारून प्राणी वाढतात, हे तोवर फारसे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

सगळे माइट आपल्या सोयीचेच असतात असेही नाही. मेंढ्यांच्या आतड्यात 'मोनिएझिया' नावाचा लांबलचक पट्टकृमी होतो. लेंडीतून पडणारे त्याचे तुकडे तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात. त्याची अंडी मेंढीला खाऊ घातली तरी लागण होत नसे, त्यामुळे तो पसरतो कसा हे कितीतरी वर्षे कळत नव्हते. १९३७ साली अमेरिकेच्या होरेस स्टंकार्ड यांनी मधला दुवा शोधला. कुरणातले ओरिबाटिड लेंडीतली अंडी खातात, त्यांच्या शरीरात कृमी वाढतो, आणि दमट वेळी गवतावर चढलेला माइट मेंढीच्या पोटात जातो.

आपल्याकडची माती

भारतातल्या ओरिबाटिडांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १९०६ सालची आहे. पीअर्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने सिक्कीम हिमालयातल्या जाती वर्णन केल्या. पुढे अनेक दशके शांततेत गेली. १९६०च्या दशकापासून कोलकाता आणि नंतर बंगळूर, कालिकत येथे पद्धतशीर काम होत गेले. १९८६ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी जलपर्णीच्या बंदोबस्तासाठी एक माइट परदेशातून आणून सोडला, तोही ओरिबाटिडच. त्याचे भाऊबंद मातीत बुरशी खातात आणि हा मात्र जलपर्णीच्या पानात बोगदे पोखरतो.

महाराष्ट्रात किती वेगवेगळ्या मात्या आहेत! कोकणातली जांभी, घाटमाथ्यावरचा ओला पाचोळा, सड्यावरचा वीतभर थर, देशावरची भेगाळणारी काळी जमीन. प्रत्येकीतली छिद्रे वेगळी, ओलाव्याचे गणित वेगळे, तेव्हा वस्तीही वेगळी असणार. आणि प्रश्न केवळ यादीचा नाही. ओरिबाटिड थोडी अंडी घालतात, हळू वाढतात, अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी तर एक पिढी पुरी व्हायला काही वर्षे लागतात. दहातली जवळपास एक जात नराशिवायच पिढ्यानपिढ्या चालते. घर न मोडणाऱ्या जागेसाठी हे आयुष्य ठीक आहे. घर वारंवार मोडले तर मात्र भरून येणे फार सावकाश होते.

आपण उसाचे पाचट जाळतो तेव्हा, किंवा भाताच्या रोपांसाठी राब भाजतो तेव्हा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधली वस्ती किती उरते? ती बांधावरून परत येते का, किती दिवसांनी? ज्या शेतात पाचट तसेच पसरून ठेवले आहे, तिथे काय दिसते? गावागावाची माती वेगळी असल्याने हे प्रश्न त्या त्या गावीच विचारायला हवेत. आणि त्यासाठी लागणारे साधन शाळेत करता येते.

शाळेतले नरसाळे

दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा तिसरा भाग कापून उलटा करून खालच्या भागात बसवा, झाले नरसाळे. गळ्याच्या वर साधारण दोन मिलिमीटर छिद्रांची जाळी गोल कापून बसवा. खाली छोट्या बाटलीत थोडे स्पिरिट ठेवा. प्राणी जिवंत पाहायचे असतील तर स्पिरिटऐवजी ओला काळा कागद ठेवा. जाळीवर दोन मुठी पाचोळा आणि माती हलक्या हाताने पसरा. वर वीतभर अंतरावर ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा लावा. एलईडी दिवा पुरेशी उष्णता देत नाही, त्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही. दिवा मिळाला नाही तरी चालेल. नरसाळे ऊबदार, कोरड्या जागी चार-पाच दिवस राहू द्या, माती हळूहळू वाळेल तसे प्राणी उतरतील. दिवा लावून खोली सोडून जाऊ नये आणि स्पिरिट दिव्यापासून लांब राहील हे पाहावे.

नमुने कमीत कमी तीन जागांचे घ्या: आंब्याखालचा पाचोळा, नांगरलेले शेत, शाळेचे मैदान. दर वेळी माती त्याच मापाच्या डब्याने घ्या, नाहीतर तुलना फसते. भिंगाखाली आधी पाय मोजायचे: सहा की आठ की त्याहून जास्त? मग तीनच रकाने: चकचकीत, गडद आणि मंद चालणारे, मऊ आणि फिकट, झपाट्याने धावणारे. ढोबळमानाने पहिले ओरिबाटिड आणि तिसरे शिकारी असतात. सहा पायांचे बहुतेक स्प्रिंगटेल किंवा कीटक असतील, क्वचित माइटाचे पिल्लूही. शास्त्रीय नाव कळले नाही म्हणून काही अडत नाही.

मग मुलांना विचारा. मैदानात कमी का? पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये सारखेच येतील का? पाचट जाळण्याच्या आधी आणि नंतर? आणि शेवटी हाही प्रश्न विचारा: बाटलीत जे पडले नाही, ते मातीत नव्हतेच असे म्हणता येईल का? या एका प्रश्नावर वर्ग थांबला आणि वाद घालू लागला, तर १९०५ पासून शास्त्रज्ञ ज्यावर वाद घालत आले आहेत, तिथे मुले पोचली असे समजावे.